माझ्या मुठीचं मीठ

कोल्हापुरात तुमच्या अंगावर काही उठलं की ते तुमचं एकटीचं राहत नाही, गल्लीचं होतं. माझ्या कोपरावर पहिला लाल चट्टा आला तेव्हा मी स्वतः अजून तो नीट बघितलाही नव्हता, तोवर समोरच्या दारातून आवाज आला, "नायटा हाय त्यो! लिंबू चोळ!" मी चोळलं. चट्टा होता तिथंच राहिला, वर नुसती आग आग झाली. दुसऱ्या दिवशी तीच बाई विचारते, "लिंबू चोळायला कुणी सांगितलंतं गं तुला?" आता हिला काय म्हणावं!

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी दचकायला नको. आमच्याकडं आवाज चढवून बोलणं म्हणजे भांडण नव्हे, ते आपलं साधं बोलणं. भांडण वेगळं असतं. ते येईल पुढं.

आमचे मालक रिक्षा चालवतात. माणूस स्वभावानं गरीब, पण तोंडानं मोकळा. गाडीत कोणी बसलं की गिअर टाकायच्या आधी यांचं सुरू, "पावणं, चट्ट्यावर काय औषध माहीत हाय का? आमच्या मंडळींना उठलंय." मंडळी म्हणजे मी. माझे चट्टे असे गावभर रिक्षातून फिरले. आणि कोल्हापूरचा माणूस 'मला माहीत नाही' असं कधी म्हणतो का? रोज संध्याकाळी नवीन औषध घरात. आज करंजाचं तेल, उद्या कडुलिंबाचा पाला, परवा कारल्याचा रस. कारल्याचा रस मी एकदा प्याले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनाच पाजला. "अगं, चट्टं तुला आल्यात की!" म्हणाले. मी म्हटलं, "पण औषध तुम्ही आणलंय न्हवं?" प्याले बिचारे.

हातकणंगल्याच्या एका पावण्यानं सांगितलं, तिखट बंद करा, अंग साफ होतंय. आमचे मालक गाडी बाजूला घेऊन विचारतात, "पण पांढरा रस्सा चालतोय न्हवं?" पावणं म्हणालं, "पांढऱ्याला कोण तिखट म्हणतंय? पांढरा म्हंजे दूधच की त्यो!" आणि मग आमच्या घरी माझं पथ्य सुरू झालं. तांबडा रस्सा बंद, पांढरा वाटीवर वाटी. मिरी, आलं, लसूण, लवंगा सगळं त्यात ठासून, पण रंग पांढरा म्हणून ते पथ्य. असलं पथ्य मी जन्मभर पाळीन. चट्टे मात्र हलले नाहीत. उलट कोपरावरून गुडघ्यावर आले, गुडघ्यावरून डोक्यात, आणि केस विंचरले की खांद्यावर पांढरा कोंडा सांडायचा.

मग औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आली. तीही कुणा पावण्यानंच नाव लिहून दिलेली. ती लावली आणि काय सांगू, जादूच! चट्टे गायब. मी गल्लीत कोपरं दाखवत हिंडले. मालकांनी रिक्षात पेढे वाटले. ट्यूब संपली, सणासुदीच्या गडबडीत आणायची राहिली, आणि जे गेलं होतं ते दुपटीनं परत आलं. या वेळी तळहातांवर. कातडी जाड झाली, पांढरी पापुद्र्यासारखी सुटायला लागली, आणि मधे भेगा पडल्या. पिठात हात घातला की पिठात कोंडा पडतो की काय म्हणून मीच घाबरून हात मागं घ्यायला लागले.

आता हात म्हटल्यावर चटणीचं सांगायलाच पाहिजे.

आमच्या घरात उन्हाळ्यात वर्षाची कांदा-लसूण चटणी होते. एकदाच, पण चार घरांची. आमचं, आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहणाऱ्या थोरल्या दिरांचं, वारणानगरच्या कॉलनीत राहणाऱ्या नणंदेचं आणि पुण्याला नोकरीला गेलेल्या पोरांचं. आमच्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्या म्हणायचो, त्या ही चटणी करायच्या, आणि त्यांच्या चटणीत वजनमाप नावाची गोष्ट नव्हती. सगळं मुठीवर. धणे इतक्या मुठी, खोबरं इतक्या मुठी, मीठ इतक्या मुठी. म्हाताऱ्या झाल्या तेव्हा त्यांनी आम्हा दोघी सुनांना पुढ्यात बसवलं आणि म्हणाल्या, "हात दाखवा." थोरल्या जाऊबाईंना आम्ही आक्का म्हणतो. आक्का सीमेकडच्या गावच्या, दुकानदाराच्या घरातल्या, हात इतके नाजूक की अजून त्यांना लहान पोरीच्या मापाच्या बांगड्या होतात. मी उसात खुरपणी करून आणि शेणी थापून वाढलेली, माझा पंजा गड्याचा. आत्यांनी माझ्या तळहातावर आपला तळहात ठेवला. बरोबर बसला. "हिचा हात माझ्याएवढा हाय," म्हणाल्या, "चटणी ही करंल." झालं! थोरली असून आक्कांची चटणी गेली, ती हाताच्या मापावर. असलं कुठली बाई विसरते?

आत्या गेल्यावर दरवर्षी मीच चटणी कालवली. मिरच्या गच्चीवर वाळवायच्या, देठं काढायची, मसाला तेलात परतायचा, सगळं घेऊन डंकावर जायचं. डंक म्हणजे मिरची-मसाला कांडायचं यंत्र, लोखंडी मुसळं ओळीनं उखळात आदळतात आणि आजूबाजूचा प्रत्येक माणूस शिंकत असतो. तिथं परातीत सगळं एकत्र कालवायचं, मीठ घालायचं आणि शेवटचं कांडून घ्यायचं. चारी घरची माणसं म्हणायची, धाकटीच्या हाताला चव आहे. मला दुसरं काही येत नाही. शिक्षण बेताचं, रूप बेताचं, तोंड फाटकं. पण माझ्या हातचं लोक मागून खातात, हा माझा तोरा होता, आणि तो खरा होता.

तर त्या वर्षी उन्हाळा आला. मिरच्या आल्या. मी गच्चीवर पसरायला निघाले तर आक्का जिन्यात उभ्या. सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "यंदा चटणीत तुझा हात नगं."

"का?"

"का म्हंजे? बघ की जरा हाताकडं."

हे झालं आमचं भांडण. मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. चटणी तुम्हाला न मिळाल्याचा राग इतकी वर्षं पोटात ठेवलात, आता माझ्या हाताला झालं ते बरंच झालं तुम्हाला, असलं बरंच काही. आक्काही कमी नाहीत. मग मी खोलीत जाऊन दार लावलं आणि रडले. चट्ट्यांसाठी मी कधी रडले नव्हते. खाज सोसली, आग सोसली, लोकांनी लग्नात पंगतीला माझ्या शेजारची जागा सोडून बसणं सोसलं, तेव्हा उलट ऐसपैस जेवले. पण माझ्या हातचं आता कुणी खाणार नाही, हे माझ्याच घरात कुणीतरी तोंडावर म्हटलं, ते सोसलं नाही. रोग राहू दे की गेला, मला तेवढंच परत पाहिजे होतं.

चटणी आक्कांनी केली. दारातून विचारायच्या, "धणं किती?" मी आतून सांगायची. रागात होते, तरी खोटं नाही सांगितलं, चटणीशी वैर कसलं? "मीठ किती?" "सहा मुठी." आक्कांनी डंकावर मोजून सहा मुठी मीठ घातलं. त्यांच्या मुठी! मूठ कुणाची, हे त्यांनी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही. इतकी वर्षं घालणारी मीच, मला मूठ म्हणजे मूठ.

चटणी दिसायला झकास झाली, लालभडक. पण सगळ्यांनी खाल्ली आणि गप्प बसले. वारणानगरच्या नणंदेला गप्प बसणं जमत नाही. तिचा फोन आला, "वैनी, ही चटणी धाडलीय का गुलाल?" आणि पाऊस लागल्यावर, आमच्याकडचा पाऊस म्हणजे कपडे आठवडाभर वाळत नाहीत, त्या अळणी चटणीला घरोघर बुरशी धरली. खरं सांगायचं तर मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मालकांच्या ताटात मी मुद्दाम रोज चटणी वाढायची. तेही रोज खायचे आणि म्हणायचे, "बरी हाय की." गरीब माणूस, सांगितलं ना.

त्याच पावसात माझे हात फार वाईट झाले. चपाती लाटताना लाटणं धरवेना. शेवटी मालक म्हणाले, आता पावणं बास, चामडीच्या डॉक्टरकडं जायचं. नेमकी त्याच दिवशी रिक्षा गॅरेजला. मी एकटी निघाले तर आक्का छत्री घेऊन बाहेर आल्या. "चल, मी येतो," म्हणाल्या. आम्ही इकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतो, कुणाला नवल वाटायला नको. महिनोन्‌महिने कामापुरतंच बोलणं होतं आमचं. एका छत्रीत गेलो, आणि दोघींचाही बाहेरचा खांदा भिजला.

डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण खणखणीत. कोपरं बघितली, डोकं बघितलं, आणि मग माझे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. हातमोजे नाहीत, काही नाही. उलटेसुलटे करून निवांत बघत बसल्या. इतक्या दिवसांत कुणी माझा हात असा धरला नव्हता. "हा सोरायसिस," म्हणाल्या. "नायटा नाही, घाण नाही, कुणाचा शाप नाही. जी कातडी तयार व्हायला महिना लागतो, ती तुमच्याकडं आठवड्याच्या आत येऊन उभी राहते. घाई झाली आहे तिला."

आक्का मागून म्हणाल्या, "हिचं सगळंच घाईचं हाय, डाक्टर."

बाई हसल्या. मग आक्कांनी थेट विचारलं, "हे दुसऱ्याला लागतंय काय?" मला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. डॉक्टरीणबाईंनी माझा हात सोडलाच नाही. "नाही. हात हातात घ्या, एका ताटात जेवा, काही होत नाही." मग मला म्हणाल्या, "हा कायमचा जाईल असं मी खोटं सांगणार नाही. पण शांत ठेवता येतो. मन लावून औषध घेतलं तर इतका शांत, की तो आहे हे तुम्ही विसराल. फक्त ती ट्यूब आपल्या मनानं परत लावायची नाही." आक्कांनी आमच्या दोघींचे धरलेले हात बघितले. परत येताना सगळा वेळ वांग्याच्या भावावर बोलत होत्या.

मग माझं औषधपाणी सुरू झालं. मलम, गोळ्या, मधून मधून रक्त तपासायचं, आणि आठवड्यातून काही वेळा लाईट घ्यायचा. एका पेटीत हात घालायचे, डोळ्यांना काळा चष्मा, आणि आत जांभळा उजेड. पहिल्या दिवशी मी चष्मा लावून आरशात बघितलं आणि मलाच हसू फुटलं, म्हटलं, दागिने पाहिजे होते, सिनेमात काम मिळालं असतं. त्या बाकावर आम्ही लाईटवाले सगळे नंबर लावून बसायचो. एक काका कळंब्याच्या जेलातून शिपाई म्हणून निवृत्त झालेले, डोकंभर चट्टे आणि त्यावर कडक इस्त्रीची टोपी. मी विचारलं, "काका, हे कधी जाईल हो?" ते म्हणाले, "जन्मठेप हाय ही, बाई. पण नीट वागलं की पॅरोल मिळतोय की!" अख्खा बाक हसला. आतून नर्स ओरडली, "दवाखाना हाय हा!" त्या हसण्यानं मला अर्धं बरं वाटलं, खोटं नाही सांगत. घरात मी एकटी चट्टेवाली होते. तिथं टोपीवाले काका होते, कॉलेजातली एक पोरगी होती, आणि कोण कुणाकडं टक लावून बघत नव्हतं, कारण प्रत्येकाला आपलंच पुरेसं होतं.

सुधारायला वेळ लागला. थंडीत पुन्हा एकदा बिघडलं, मी परत बाकावर जाऊन बसले. पण होळीच्या सुमारास एक दिवस पुरणपोळी लाटताना माझ्या लक्षात आलं की हात दुखत नाहीयेत. भेगा मिटल्या होत्या. तळहात अजून थोडे लालसर, थोडे कोरडे, पण माझे होते. मी लाटणं तसंच टाकलं आणि बाहेर रिक्षा पुसत असलेल्या मालकांना दोन्ही हात दाखवले. ते म्हणाले, "नाद खुळा!" आणि डोळे पुसले. त्यांच्या हातात रिक्षा पुसायचं फडकं होतं, तेच डोळ्यांना लावलं. मग दिवसभर तोंड काळं.

पुन्हा मिरच्या आल्या. आक्कांनी मला बोलावलंही नाही आणि अडवलंही नाही. डॉक्टरीणबाईंना मी विचारून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, मिरचीत हात नको, भेगा परत पडतील. हात शांत आहे तोवर कोरडं मीठ मुठीत घेतलं तर चालेल, पण लगेच धुवायचे आणि मलम लावायचं. मी हे घरात कुणाला सांगितलं नव्हतं. आपण होऊन कशाला सांगू? नाही म्हटलं असतं तर? आत एवढीच धाकधूक की यंदाही कुणी म्हणेल, तुझा हात नको.

डंकावर रांग होती. मी सुती मोजे घालून लांब उभी. आक्का परातीत मिरचीची पूड, मसाला, तळलेला कांदा, लसूण सगळं कालवत होत्या. मग त्यांनी मिठाची पिशवी उघडली आणि थांबल्या. डंकवाला ओरडला, "ओ मावशी, आटपा की, मागं गावजेवण थांबलंय!" आक्का पिशवीकडं बघत राहिल्या. आपली मूठ उघडली, मिटली. मग मान वळवून माझ्याकडं बघितलं.

"ये हिकडं," म्हणाल्या. "मोजं काढ."

मी काही हलेना. रांगेतली एक बाई म्हणाली, "अवो, त्यांच्या हाताला काय तरी झालंय वाटतं." आक्का गर्रकन वळल्या. "झालंय! सोरायसिस हाय. कुणाला लागत न्हाय. तुमी तुमची मिरची बघा."

मी मोजे काढले. नळावर हात धुतले, पुसले. परातीजवळ बसले तेव्हा आक्का हळू आवाजात बोलल्या, आणि आक्कांचा हळू आवाज म्हणजे शेजारच्या दोघींना नीट ऐकू येईल एवढा. "गेल्या वर्षी मला किळस आलती. खोटं कशाला बोलू? डाक्टरांनी सांगितल्यावरबी काय दिवस येतच होती. आता न्हाय येत." मला लागलं ते. पण गोड बोलून मनात ठेवणाऱ्या बायका मी भरपूर बघितल्यात. ही तोंडावर म्हणाली. मी म्हटलं, "बरं केलंत, सांगितलंत ते."

मूठ भरली. घातली. दुसरी घातली. आक्का मोजत होत्या, मोठ्यानं, साऱ्या डंकाला ऐकू जाईल अशा. शेवटची मूठ पडल्यावर त्या परातीकडं बघून म्हणाल्या, "आगं आई गं, एवढं मीठ!" आणि आम्ही दोघी जे हसायला लागलो, त्यात मिरचीचा ठसका लागला, डोळ्यांतून नाकातून पाणी, डंकवाला कपाळाला हात लावून उभा.

मी नळावर जाऊन हात धुतले, मलम लावलं. तोवर चटणी कांडून झाली होती, गरम, तेल सुटलेली. घरी न्यायच्या आधी तिथंच चव बघावी लागते, म्हणजे काही कमीजास्त असेल तर घालता येतं. आक्कांनी पिशवीतून भाकरी काढली, फडक्यावर ठेवली, आणि माझ्या पुढ्यात बसून राहिल्या. मी म्हटलं, "घ्या की."

"माझं हात मिरचीचं हायत," म्हणाल्या. "तू दे."

मलम होतं म्हणून मी हात पुन्हा साबणानं धुतले. भाकरीचा तुकडा मोडला, कडेनं थोडी चटणी लावून घेतली आणि त्यांच्या तोंडाजवळ नेला. आक्कांनी घास घेतला आणि चावत बसल्या, कपाळावर आठ्या घालून, आत्या चव बघायच्या तशा. रांगेतल्या बाया बघत होत्या. मी बघत होते. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, मिरचीचंच असणार.

"मीठ बरोबर हाय," म्हणाल्या, आणि परत तोंड उघडलं.